एक नाणं खरं, अकरा खोटी

बारा डिनेरियसांचा, म्हणजे प्राचीन रोमच्या चांदीच्या नाण्यांचा, लॉट विकायला होता. ‘तामिळनाडूत शेत नांगरताना हंडी लागली’ अशी कथा सोबत होती, आणि दक्षिण भारतात रोमन सम्राट टायबेरियसची चांदीची नाणी खरोखरच मोठ्या संख्येनं सापडलेली असल्यानं ती पटलीही. विक्रेत्यानं एक नाणं आपणहून तपासायला दिलं. सराफानं चांदी असल्याचं सांगितलं. चित्रही जुळलं: एका बाजूला टायबेरियसचं मस्तक, दुसरीकडे राजदंड आणि फांदी धरून बसलेली स्त्री, भोवती ‘पाँटिफ मॅक्सिम’ (‘मुख्य पुरोहित’ या पदवीचं लघुरूप). ते नाणं अस्सलच होतं. बाकीची अकरा त्याच्यावरूनच साचा काढून ओतलेली होती.

ही चलाखी नवशिक्यांनाच नाही, जुन्या संग्राहकांनाही गुंडाळते. चित्र आणि अक्षरं जुळली की नाणं कोणत्या प्रकारचं ते कळतं, पण अस्सलपणा सिद्ध होत नाही. साच्यातून निघालेल्या नाण्यावर तीच अक्षरं असणार!

म्हणून लॉटमधली नाणी आधी शेजारी शेजारी मांडा. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण हातानं पाडलेल्या नाण्यांचा काठ, झीज, ओरखडे आणि केंद्रापासून सरकलेलं चित्र सारखं नसतं. इथे अकराही नाण्यांवर सम्राटाच्या कानामागे तोच ओरखडा होता. एवढ्यावरच सौदा मोडायला हवा होता.

मग दहापट भिंगाखाली काठ पाहा. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या काठाला पडलेली चीर धातूत खोल जाते. ओतीव नाण्यात ती नुसती उथळ खाच असते. साच्याची शिवण घासल्याच्या कानशीच्या रेघा, अक्षरांच्या कोपऱ्यांत बुडबुड्यांची गोल छिद्रं, साबणासारखा गुळगुळीत पृष्ठभाग यांतलं काहीही दिसलं तर थांबा. काळपटपणावर मात्र विसंबू नका. 1830 साली वारलेला जर्मन नकलाकार बेकर आपली नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून गाडीखाली हिंदकळवत असे.

टायबेरियसच्या डिनेरियसचं वजन साधारण 3.6 ते 3.8 ग्रॅम. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात, तळाला न टेकवता, लोंबकळत धरा. 3.72 ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर 0.36 आलं तर 3.72 भागिले 0.36 म्हणजे 10.3, चांदी ठीक. भागाकार 8-9 च्या आसपास आला तर हलका धातू, किंवा चांदी चढवलेलं तांब्याचं प्राचीन बनावट नाणं. काटा किमान 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा, 0.001 चा असल्यास उत्तम. चांदीतच ओतलेली नक्कल या चाचणीत पास होते, म्हणून काठ आधी.

आणि हंडीची कथा खरी असली तरी अडचणच. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. नाणी, पाकीट, संदेश जसेच्या तसे ठेवा. नाणी घासू नका, आणि पुढे कुणाला विकूही नका.