घराजवळच्या बर्फात एक हिवाळा: स्नोशू, टुरिंग स्की आणि सोबतचं साहित्य

मी सिअ‍ॅटलच्या पूर्वेला इसाक्वात राहते. आय-९० महामार्ग मोकळा असेल तर पाऊण तासाच्या आत स्नोक्वाल्मी पास गाठता येतो. खिंडीची उंची अवघी ३,०२२ फूट, म्हणजे सिंहगडाच्या माथ्यापेक्षाही कमी. पण पॅसिफिकवरचं बाष्प कॅस्केड पर्वतावर येऊन आदळतं, आणि आमच्याकडे पाऊस पडत असतो तेव्हा वर कमरेएवढा बर्फ साचत असतो. आम्ही चार-पाच मित्रमैत्रिणी पुण्या-नाशकाकडचे, सगळ्यांची कॉलेजची वर्षं सह्याद्रीत भटकण्यात गेलेली. इथला हिवाळा घरात बसून काढायचा नाही असं ठरवून गेल्या नोव्हेंबरात साहित्य घेतलं: स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी, आणि टुरिंग स्की, म्हणजे लिफ्टशिवाय स्वतः चढून जायच्या स्की. आता मे लागलाय. हवामानाने परवानगी दिली त्या बहुतेक शनिवार-रविवारी ते वापरलंय, तेव्हा आता ठामपणे लिहिता येईल.

माझं मत आधीच सांगते. इथल्या इथे, मित्रांबरोबर, लिफ्टशिवाय बर्फात फिरायचं असेल तर खरेदी करताना दोनच गोष्टी बघा: आपल्या जवळचा बर्फ कसा आहे आणि आपल्या सोबत कोण येणार आहे. युटाच्या कोरड्या भुकटीसाठी लिहिलेले रिव्ह्यू वाचून घेतलेलं साहित्य आमच्या ओल्या, जड बर्फात वेगळंच वागतं.

माझे स्नोशू एमएसआरचे लायटनिंग असेंट, २२ इंची. ही कंपनी मूळची सिअ‍ॅटलचीच, १९६९ सालची. यांची अ‍ॅल्युमिनियमची चौकट गोल नळीची नसून उभ्या पट्टीची आहे आणि पट्टीच्या खालच्या कडेला सगळीकडे दाते आहेत. गोल नळीचे स्नोशू सपाटीवर छान चालतात, पण उतारावरून आडवं जायचं झालं की बाजूला सरकतात. हे दाते तिथेही धरून ठेवतात. खिंडीजवळच्या केंडल नॉब टेकडीच्या वाटेवर सकाळी गोठलेल्या बर्फातून जाताना हा फरक पायाला कळतो. टाचेखाली तारेची एक कमान आहे. चढ लागला की काठीच्या टोकाने ती उभी करायची, टाच वर राहते आणि पोटऱ्यांवरचा ताण एकदम उतरतो. लांबलचक चढावर मला यांची सर्वात आवडलेली सोय हीच. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत बर्फात मात्र कोणताही २२ इंची जोड पाठपिशवीचं वजन धरून खोल रुततोच. त्यासाठी मागे जोडायचे ५ इंचांचे शेपटीचे तुकडे वेगळे मिळतात, ते घेऊन ठेवा. किंमत साडेतीनशे डॉलरच्या पुढे जाते. आमच्यातल्या एकाने एकसंध प्लास्टिकचे स्नोशू निम्म्याहून कमी पैशांत घेतले. जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर ते तितकंच काम देतात, फक्त कडक बर्फावर इतके खडखडतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तुमची मजल तळ्यापर्यंत जाऊन परत येण्याची असेल तर तेच घ्या.

टुरिंग स्कीचा संच हा मोठा खर्च. स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड), बूट, स्किन (चढताना स्कीखाली लावायची पट्टी) असं सगळं नवं घेतलं तर दोन हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. मी बूट नवे घेतले, कारण पायाला नीट न बसणारा बूट स्वस्तातही महागच पडतो. स्की एकाच हंगामाच्या जुन्या घेतल्या. बाइंडिंग खिळ्यांचं आहे: बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी बारीक खाचा असतात, बाइंडिंगच्या दोन खिळ्या त्यात बसतात. चढताना टाच मोकळी, उतरताना मागूनही पक्की. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८०च्या दशकात ही कल्पना काढली आणि आजची बहुतेक हलकी बाइंडिंग तिच्यावरच उभी आहेत. कागदावर फार सुटसुटीत. प्रत्यक्षात आमच्या ओल्या बर्फात त्या खाचांत बर्फ दाबला जाऊन गोठतो. वरून बूट बसल्यासारखा वाटतो, खिळी आत गेलेलीच नसते. म्हणून दर वेळी वाकून काठीच्या टोकाने दोन्ही खाचा टोकरायच्या, बूट अडकवायचा, पाय पुढेमागे चार वेळा झुलवायचा म्हणजे उरलेला बर्फ खिळीच बाहेर काढते, आणि मग पुढची तरफ वर ओढून कुलूप लावायचं. दहा सेकंदांचं काम, पण हे केल्याशिवाय चढाला लागू नका. एवढी शिस्त पाळली तर बाइंडिंगने अख्ख्या हंगामात मला एकदाही दगा दिला नाही.

आता स्किन. यांच्यावर सविस्तर लिहायला हवं, कारण कॅस्केडमध्ये सहल जमणं न जमणं बऱ्याचदा यांच्यावर ठरतं. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची लव असलेली पट्टी. लव मागच्या दिशेला झुकलेली, त्यामुळे पुढे सरकते आणि मागे अडते. नायलॉनची पट्टी जास्त पकडते आणि जास्त टिकते, अंगोरा बकरीच्या मोहेरची हलकी असते आणि सुळकन सरकते. मी मिश्र घेतली आणि इथल्या लोकांना तीच सुचवेन. खरा त्रास पाण्याचा आहे. खाली, पार्किंगजवळ तापमान शून्याच्या आसपास, बर्फ भिजलेला. लव पाणी पिते. हजार फूट वर गेलं की हवा थंड, बर्फ कोरडा, आणि भिजलेल्या लवेवर तो गोळ्यांनी चिकटायला लागतो. मग प्रत्येक पावलाला स्कीखाली वीतभर बर्फाचा थर उचलून चालावं लागतं. उपाय साधा: आदल्या रात्री कोरड्या स्किनवर लवेच्या दिशेने स्किनचं मेण घासायचं आणि तीच वडी खिशात ठेवायची. दुसरी फेरी मारायची असेल तर उतरताना स्किन पिशवीत न ठेवता जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा, डिंक गार पडत नाही. घरी आल्यावर खोलीच्या तापमानाला टांगून वाळवा. हीटरजवळ नेलं तर डिंक पाझरतो आणि पुढच्या वेळी स्कीवर त्याचे ओघळ राहतात.

माझ्या स्किनची मागची कडी फेब्रुवारीत ढिली पडली. कंपनीला फोटोसकट लिहिलं, कित्येक आठवडे उत्तर नाही, शेवटी दुसऱ्याच कंपनीच्या कड्या आणून बसवल्या. म्हणून पाठपिशवीत व्होइले कंपनीचे दोन रबरी पट्टे कायम ठेवा. निघालेली स्किन, तुटलेली काठी, सैल झालेला बूट, सगळं त्यांनी बांधून घरी येता येतं.

आमच्यात दोघं स्नोशूवाले आणि बाकी स्कीवाले असतात, आणि अशी मिसळ जमत नाही असं मला सुरुवातीला बऱ्याच जणांनी सांगितलं. जमते. वाट तशी निवडावी लागते. रुंद, सौम्य चढाच्या रस्त्यावर स्कीवाले सरकत पुढे जातात. दाट झाडीत अरुंद वळणं आली की उलटं होतं, आम्ही पाय उचलून स्की वळवत बसतो आणि स्नोशूवाले सरळ वर निघून जातात. खरा फरक उतरताना पडतो. म्हणून केंडल नॉबसारखी वाट उत्तम: गोल्ड क्रीकपासून जुन्या रस्त्याने दीड-पावणेदोन हजार फूट चढ, वरून खाली किचेलस तलाव आणि समोर हायाकच्या स्की-उतारांच्या पट्ट्या दिसतात. माथ्यावर सगळे एकत्र जेवतो, स्नोशूवाले आधी निघतात, आम्ही रस्त्याच्या ठरलेल्या वळणांवर त्यांना गाठतो. कोणीही एकटं उतरत नाही. विशेषतः ताज्या बर्फात फरच्या झाडांच्या बुंध्याभोवती पोकळ खड्डे असतात, त्यात डोकं खाली होऊन पडलं तर स्वतःहून निघणं फार कठीण. एक शिष्टाचारही पाळा: स्कीने पाडलेल्या रुळावरून स्नोशूने चालू नका, शेजारून दुसरी वाट पाडा. तो रूळ तुडवला गेला की मागून येणाऱ्या स्कीवाल्यांचे हाल होतात.

जेवणाचं एकाच ओळीत सांगते: चिक्की थंडीत दाताने तुटत नाही, गूळपोळी मात्र जॅकेटच्या खिशात मऊ राहते.

आता ज्याच्याविषयी मला सर्वात जास्त कळकळ आहे ते. हिमस्खलनाचं साहित्य, म्हणजे बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, हे तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवं, स्नोशूवाल्यांच्याही. बर्फाला तुमच्या पायात काय आहे ते कळत नाही. गोल्ड क्रीकच्या खोऱ्यात तळ्यापलीकडे सपाटीवर चालतानाही वरच्या उतारांवरून बर्फ खाली येऊ शकतो, आणि तिथे साधे फिरायला आलेले लोक बिनधास्त आत जाताना दिसतात. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता बरीच असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. तुमचा बीकन तुम्ही मित्रासाठी बाळगता आणि तो तुमच्यासाठी, एवढाच याचा अर्थ. माझा बीकन तीन अँटेनांचा आहे. सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे एकमेकांच्या कंपन्या वेगळ्या असल्या तरी अडत नाही. फोन आणि गरम होणारे हातमोजे यांनी तो गोंधळतो. चालताना फोन वीस सेंटिमीटर तरी लांब ठेवा, शोधताना त्याहून बराच दूर किंवा बंद. बॅटरी उत्पादकाने सांगितलेलीच घाला, बहुतेक बीकनना साध्या अल्कलाइन लागतात, आणि हंगाम संपला की काढून ठेवा.

हे विकत घेऊन भागत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हिमस्खलनापासून बचावाचा तीन दिवसांचा लेव्हल-१ वर्ग केला आणि माझ्या मते हंगामातला सर्वात सार्थकी लागलेला पैसा तोच. दर सहलीआधी पार्किंगशेजारी एक बीकन पिशवीत घालून पुरतो आणि कोणीतरी एक जण शोधतो. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा दुसऱ्या दिवसाचा हिमस्खलनाचा अंदाज संध्याकाळी येतो, तो सगळे आपापल्या घरी वाचतात आणि मग फोनवर बोलतात. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी, ‘कन्सिडरेबल’, ही मधली वाटते म्हणून फसवी आहे. त्या दिवशी आम्ही ३० अंशांहून तीव्र उतारांवर आणि त्यांच्या खालीही जात नाही. स्नोक्वाल्मीची एक खासियत लक्षात ठेवा: पूर्वेकडून थंड वारा खिंडीतून वाहत असतो तोवर तिथे बर्फ पडतो, तो वारा थांबला की त्याच दिवशी पाऊस सुरू होतो. ताज्या बर्फावर पाऊस म्हणजे घरी बसायचा दिवस. जानेवारीत असे दोन शनिवार आम्ही खुशाल सोडले. खिंड जवळ असण्याचा मोठा फायदा हाच की सहल रद्द करणं जड जात नाही. लांबून सुट्टी काढून, हॉटेलचं भाडं भरून आलेल्या माणसाला ते फार जड जातं.

बाकी किरकोळ: पार्किंगला स्नो-पार्क (हिवाळी पार्किंगचा) परवाना लागतो, राज्याच्या उद्यानांचा डिस्कव्हर पास चालत नाही. हंगामाचाच घ्या, दोन फेऱ्यांत वसूल होतो. निघण्याआधी खिंडीच्या रस्त्याची स्थिती पाहा आणि साखळ्या गाडीत ठेवा. माउंट रेनियर पर्वतावर पॅराडाइसला जाणार असाल तर हिवाळ्यात त्या सक्तीच्याच आहेत.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिल्या हिवाळ्यात स्नोशू भाड्याने घ्यावेत, आरईआयसारख्या दुकानांत मिळतात. बीकनचा सराव आणि वर्ग मात्र पहिल्याच वर्षी करावा. स्कीवर आधीपासून हात बसलेला असेल तरच टुरिंग संचाकडे वळा. लिफ्टच्या मऊ, दाबलेल्या पट्टीवर नीट वळता येत नसेल तर झाडीतल्या ओल्या बर्फात ते मुळीच जमणार नाही. पुढच्या हंगामासाठी मी फक्त एक वस्तू वाढवणार आहे, स्कीला लावायचे क्रॅम्पॉन, म्हणजे कडक बर्फात रुतणारे धातूचे दाते. मार्च-एप्रिलच्या सकाळी उतार रात्रभर गोठून कडक झालेले असतात, स्किनची लव तिथे धरत नाही, आणि ऊन लागून बर्फ मऊ व्हायची वाट बघत माझ्यासाठी सगळ्यांनाच थांबावं लागतं.