विंचेस्टर मिस्ट्री हाउस: भुतं कमी, सुतारकाम भरपूर

एप्रिल संपत आला की नागपुरातले पुष्कळ आई-बाबा मुलांकडे कॅलिफोर्नियाला निघतात. सॅन होजे, सनीव्हेल, क्युपर्टिनो या भागात मुलगा किंवा सून असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी 'चला, तुम्हाला भुताचा बंगला दाखवतो' हे ठरलेलं. तो बंगला म्हणजे सॅन होजेमधलं विंचेस्टर मिस्ट्री हाउस. तिकीट माणशी ४० डॉलरच्या आसपास, ज्येष्ठांना आणि मुलांना थोडी सूट. रुपयांत हिशेब केला की पोटात गोळा येतो, म्हणून जाण्याआधी एवढं वाचून घ्या.

आपल्याकडे 'अजब बंगला' म्हटलं की नागपूरचं १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय. पण ते सुरुवातीपासून संग्रहालयच. विंचेस्टर हे मात्र खरोखर एका बाईचं राहतं घर होतं आणि ती गेल्यावर वर्षभराच्या आत ते तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली. तिथे ऐकू येणाऱ्या निम्म्या गोष्टींचा उगम या घाईत आहे.

आधी घराची मालकीण. सारा विंचेस्टर, माहेर कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनचं. १८६२ मध्ये तिचं लग्न विल्यम विंचेस्टरशी झालं. विंचेस्टर रायफल बनवणारी कंपनी ती हीच, सासऱ्यांची. १८६६ मध्ये मुलगी झाली, ॲनी. ती दीड महिनासुद्धा जगली नाही. पुढे १८८० मध्ये साराची आई गेली, त्याच वर्षाच्या शेवटी सासरे गेले आणि मार्च १८८१ मध्ये नवराही क्षयाने गेला. हाती राहिला कंपनीतला मोठा हिस्सा. १८८६ मध्ये तिने सांता क्लारा खोऱ्यात आठ खोल्यांचं एक शेतघर विकत घेतलं आणि वाढवत नेलं. भोवती जर्दाळू, आलुबुखारा आणि अक्रोडाच्या बागा होत्या. ५ सप्टेंबर १९२२ ला ती वारली तेव्हा घर १६० खोल्यांचं झालं होतं.

आता गाइड सांगतो ती कथा. बॉस्टनच्या एका माध्यमाने, म्हणजे मेलेल्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्याने, म्हणे तिला सांगितलं की विंचेस्टर बंदुकीने मेलेल्या सगळ्यांचे आत्मे तुझ्या मागे लागलेत. पश्चिमेला जा, घर बांध, हातोडीचा आवाज थांबला की तू मेलीस. म्हणून ३८ वर्षं रात्रंदिवस काम चालू होतं, आणि भुतांची वाट चुकावी म्हणून आंधळे जिने, खोट्या खिडक्या.

कथा सुरेख आहे, पण टिकत नाही. तिच्या चरित्राचा कागदपत्रांतून शोध घेणाऱ्यांना त्या माध्यमाच्या भेटीचा पुरावा सापडलेला नाही. अखंड कामाचं म्हणाल तर दमल्यावर कारागिरांना सुट्टी देऊन टाकल्याचं तिच्याच पत्रांत आहे. १९०६ नंतर तर ती बराच काळ दुसऱ्या घरांतच राहत होती. 'बांधकाम थांबलं तर मरेन असं बाई मानते' ही अफवा मात्र जुनी आहे, १८९५ च्या स्थानिक वर्तमानपत्रातली. विधवा, श्रीमंत, कुणाकडे जाणं-येणं नाही, हाताखाली एवढे सुतार. गावाने कुजबुज करायला याहून अधिक काय लागतं? नागपूरच्या महाल भागात एखादीने असं घर बांधलं असतं तरी हेच झालं असतं.

या घराचं कोडं सोडवायला एक तारीख पुरते, १८ एप्रिल १९०६. सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसिद्ध भूकंप. तोवर घर सात मजली होतं. मनोरा कोसळला, वरचे मजले गेले, पुढचा भाग मोडला. साराने पडलेलं पुन्हा उभारलं नाही. मलबा उचलला, उघडी तोंडं बंद केली आणि पुढच्या बाजूचा बराच भाग तसाच सोडला. आज चारच मजले आहेत. आता छताला जाऊन टेकणारा जिना बघा. वरचा मजला काढला आणि जिना राहिला, तर तो जाणार कुठे? दुसऱ्या मजल्यावरचं 'कुठेही न जाणारं दार' उघडलं की समोर थेट खाली पडायची सोय. बाहेरची बाजू उतरवली आणि चौकट ठेवली की हेच होतं. नक्षीदार काचेची खिडकी आतल्या भिंतीला लागून आहे, तिच्यावर ऊनच पडत नाही. कारण ती एके काळी बाहेरची भिंत होती, पुढे तिच्यासमोर खोल्या वाढल्या. आराखडा न काढता भर घालत गेलेल्या आपल्याकडच्या घरांतही न्हाणीची खिडकी स्वयंपाकघरात उघडताना दिसते. तिथे कुणी भूत शोधत नाही.

आमच्या मते बघण्यासारखं जे आहे ते वेगळंच, आणि गाइड त्यावरून भराभर पुढे जातो. तुम्ही घर बांधलेलं असेल, मिस्त्रीशी डोकं फोडलेलं असेल, तर या जागांवर मुद्दाम रेंगाळा.

पहिली जागा, बुटक्या पायऱ्यांचा जिना. ४४ पायऱ्या, सात वळणं, एकेक पायरी जेमतेम २ इंच उंच. साध्या जिन्याची पायरी ६-७ इंचांची असते. जुन्या वाड्यांतला माडीचा जिना तर याहून उभा, दोर धरून चढायचा. साराला संधिवात होता, गुडघा उचलवत नसे. पायरी बुटकी केली की पायऱ्यांची संख्या वाढते, संख्या वाढली की लांबी वाढते, आणि ती मावायला वळणं घ्यावी लागतात. बाहेरून वेडेपणा वाटणारा हा जिना म्हणजे गुडघेदुखीवरचं सुतारी उत्तर आहे. घरात लिफ्टही तीन आहेत, त्याच कारणाने.

दुसरी, उत्तरेकडची झाडांची खोली. कुंड्यांना पाणी घालायचं तर लाकडी जमीन कुजणार. म्हणून वरच्या फळ्या उचलता येतील अशा ठेवल्या, खाली जस्ताचा पत्रा उतार देऊन बसवला, आणि सांडलेलं पाणी नळीने खालच्या बागेत सोडलं. कूलरखाली परात ठेवणाऱ्या नागपूरकराला या जागेची किंमत लगेच कळेल.

तिसरी गोष्ट लाकूड. घराचा सांगाडा रेडवुडचा आहे. हे लाकूड त्या भागात मुबलक, टिकाऊ, वाळवीला सहसा दाद न देणारं. पण साराला त्याचं रूप आवडत नसे. म्हणून रंगाऱ्यांकडून त्यावर दुसऱ्या लाकडांचे रेषे हाताने रंगवून घेतले. दारांच्या फळ्यांवर प्रकाश तिरपा पडेल असं उभं राहा, ब्रशचे फटकारे दिसतात. नाचाच्या दालनात जमिनीचं जडावकाम पाहा. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे सांध्यात केस जाणार नाही असे बसवलेत. धुण्याच्या खोलीतल्या हौदांना कपडे घासायची खरबरीत पाटी आणि साबणाची खोबण साच्यातच घडवलेली आहे. भिंतींत थंडी अडवायला लोकर भरली होती, आणि नोकराला कुठल्या खोलीत बोलावलंय हे दाखवणारी घंटा-पाटीही होती.

आकडे हवेत तर, संग्रहालय सांगतं त्याप्रमाणे: सुमारे २००० दारं, खिडक्यांची १०,००० तावदानं, ४७ जिने, ४७ शेकोट्या, ६ स्वयंपाकघरं, १३ न्हाणीघरं. तेराच्या आकड्यावर गाइड फार बोलतो. तेरा कड्या, तेरा खुंट्या, तेरा दिव्यांचं झुंबर. यातलं बरंच तिच्या मागे, बघ्यांसाठी घातलं गेल्याचं सांगितलं जातं, म्हणून मान डोलवा आणि पुढे चला.

भुतांचंही सांगून टाकू, त्यासाठीच तर पैसे मोजायचे. सर्वांत लाडकं भूत म्हणजे मिशाळ कामगार. तो तळघरात कोळशाची ढकलगाडी नेताना किंवा नाचाच्या दालनातली शेकोटी दुरुस्त करताना दिसतो असं म्हणतात. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव क्लाइड ठेवलंय. बाकी पावलांचे आवाज, आपोआप फिरणारी मूठ, हाक मारल्याचा भास. लाकडी घर दिवसा तापतं, संध्याकाळी आकसतं, सांधे करकरतात. आणि एवढ्या पोकळ भिंतींत तीन खोल्या पलीकडच्या गटाची कुजबुजही कानाशी येते. मध्यरात्री आत्म्यांशी बोलायची म्हणून दाखवतात ती खोली लहान आणि साधी आहे. 'आत जायला एक दार, बाहेर पडायला तीन' हे ऐकायला छान. तिथे खरोखर बैठका भरत याला आधार मिळत नाही. जादूगार हुडिनी १९२४ मध्ये हे घर बघून गेला, आणि तो माध्यमांची लबाडी उघडी पाडण्यासाठीच गाजत होता, हे मात्र खरं.

कमीपणा सांगायचा तर बऱ्याच खोल्या रिकाम्या आहेत. सारा गेल्यावर सामान भाचीकडे गेलं आणि विकलं गेलं. आज जे पलंग-कपाटं दिसतात ती त्या काळातली आहेत, तिची नव्हेत. त्यामुळे पन्नासेक खोल्यांनंतर डोळे थकतात आणि सगळं सारखंच वाटू लागतं. दुसरं म्हणजे घराचा इतिहास आणि दंतकथा एकाच सुरात सांगतात. कुठलं कुठे संपलं ते ऐकणाऱ्यानेच ओळखायचं.

व्यवहाराच्या गोष्टी. मुख्य फेरी तास-सव्वा तासाची, १६० पैकी सुमारे ११० खोल्या. तिकिटावर वेळ ठरलेली असते; शनिवार-रविवारी ऐनवेळी हवी ती वेळ मिळत नाही, मुलांना आधीच ऑनलाइन काढायला सांगा. आत शिरल्यावर गट सोडायचा नाही, वाट खरंच चुकते, आणि मध्येच बाहेर पडणं जमत नाही. म्हणून स्वच्छतागृह आधी उरकून घ्या. काही बोळ इतके अरुंद की एकामागे एकच जाता येतं. बाबागाडी आत चालत नाही, चाकाच्या खुर्चीने वरचे मजले होत नाहीत. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजींनी नातवाला घेऊन बागेत बसावं हे उत्तम. बाग आणि बाहेरून दिसणारी छपरंही बघण्याजोगी आहेत. पायात सपाट, पट्ट्याचे जोडे. वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात कोंदट होतं, तरी आपल्या मे महिन्यापुढे ते काहीच नाही. गाइडचं इंग्रजी भरधाव असतं. फेरीआधी घरच्यांनी मराठीत साराची गोष्ट सांगून ठेवली तर निम्मं काम होतं.

फेरी सकाळची घ्या. प्रकाश चांगला, गर्दी कमी, लाकूडकाम नीट दिसतं. ऑक्टोबरच्या सुमाराला रात्रीचे खास भुताचे खेळ असतात; त्यात अंधार असतो, दचकवणं असतं आणि ज्यासाठी जायचं ते सुतारकाम दिसतच नाही. कॉलेजातल्या नातवंडांना त्याला पाठवा, तुम्ही नका जाऊ. रस्त्यापलीकडे सँटाना रो आहे, दुकानं झकपक आणि चहा महाग. डबा गाडीत ठेवलेला बरा.