पगार मागायला शिकवणारं वर्कशॉप, ५ पैकी साडेतीन

रविवारी दादरला ग्रंथपालांसाठी पगाराची बोलणी कशी करायची याचं वर्कशॉप केलं, फी १५०० चहा-बिस्किटासकट. आयोजकांचं नाव टाकत नाही, उद्या नोकरीसाठी त्यांच्याच ओळखीत जावं लागायचं.

पहिला तास भारी. अनुदानित कॉलेजात सातव्या वेतन आयोगाने ५७,७०० पासून सुरुवात, तिथे घासाघीस कसली, पण आम्ही विनाअनुदानितवाले, ट्रस्टी म्हणतील तो आकडा. वर्कशॉप घेणाऱ्या सरांनी विचारलं नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या वेळी क्रायटेरियन ४ मधला लायब्ररीचा डेटा कोण भरतं? मीच. कोहा, म्हणजे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, कोणी बसवलं? मीच. मग हे कागदावर मांडून न्या म्हणाले. आठ वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं, पैसे तिथेच वसूल.

घोळ झाला रोल प्लेमध्ये. "एवढ्यात मला परवडत नाही" म्हणायचं आणि समोरचा बोलेपर्यंत गप्प बसायचं. सरांसमोर मस्त जमलं. गेल्या जूनमध्ये खऱ्या केबिनमध्ये गप्प बसले होते ना, तर ट्रस्टी म्हणाले, "मॅडम, मिस्टर कुठे असतात कामाला?" झालं, विषय संपला. त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात नव्याने लागलेल्या एका सरांना, अनुभव माझ्याहून कमी, चार हजार जास्त, का तर त्यांच्यावर घर आहे. माझ्यावर काय नुसतं छप्पर आहे?

माझ्या मैत्रिणीचं अजून वेगळं. तिला आधी "मूळ गाव कुठलं?", गावावरून अंदाज नाही आला की "पूर्ण नाव काय?", मग नेटची परीक्षा रिझर्वेशनमधून पास का, आणि मग कुठे पगाराचा आकडा. तिने हे सरांना विचारलं तर उत्तर काय, "कॉन्फिडन्स ठेवा."

गंमत म्हणजे हँडआउट अमेरिकेतलं, त्यात वर्णावर दोन पानं होती, तिकडे बहुतेक ग्रंथपाल बायका आणि त्याही गोऱ्या, तेच वाक्य काळ्या बाईने म्हटलं की ती भांडखोर ठरते वगैरे. आपल्याकडे तिथे जात वाचायची एवढं सरांना सुचू नये? पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीवाल्या ज्या ड्युईचे नंबर आपण पुस्तकांच्या स्पाइनवर चिकटवतो त्याचं नावसुद्धा वर्णद्वेष आणि बायकांशी वाईट वागण्यापायी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने २०१९ मध्ये मेडलवरून काढायचं ठरवलं, ते मी सांगितलं तर सर म्हणाले लंचनंतर बोलू. नाही बोलले.

मैत्रिणीने फीडबॅक फॉर्मवर १ स्टार दिला. कांदिवलीपर्यंत ट्रेनमध्ये त्यावरून वाजलं आमचं, उतरताना म्हणते कशी, वरचे अडीच स्टार तुझ्या आडनावाचे आहेत.