मल्चिंग पेपर, जिरणारी फिल्म की काडीकचरा?

मल्चिंग, म्हणजे पिकाभोवतीची जमीन झाकायचं आच्छादन, निवडताना बहुतेक जण अंथरायचा खर्च बघतात. मी म्हणेन, आधी काढायचा दिवस डोळ्यासमोर आणा.

साधा मल्चिंग पेपर पॉलिथिनचा. तण दाबणं, ओल धरणं, जमीन ऊबदार ठेवणं, यात त्याला तोड नाही. रडगाणं सुरू होतं ते पीक निघाल्यावर. उन्हाने ठिसूळ झालेला पातळ पेपर ओढला की मधला भाग हातात येतो आणि मातीत दाबलेल्या कडा तिथेच तुटून राहतात. पुढच्या मशागतीत त्यांचे बारीक तुकडे होतात. 5 मिलिमीटरच्या आत गेले की ते सूक्ष्मप्लास्टिक. मग वेचणार काय? गांडुळं हे कण आपल्या बिळांतून खाली नेतात. मोठे तुकडे मुळांच्या वाटेत येतात, पाणी मुरू देत नाहीत. चीनमध्ये अतिपातळ फिल्मचे अवशेष शेतांत इतके साचले, की 2017 च्या मानकात किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन करावी लागली. माझ्या मते तीही कमीच. पॉलिथिनच वापरायचं असेल तर 25 मायक्रॉनच्या आसपासचं, सलग निघेल असं घ्या. माती झटकून, कोरडं करून गुंडाळा. चिखलाने माखलेला पेपर पुनर्प्रक्रियेला सहसा कुणी घेत नाही.

जिरणारी फिल्म पिकानंतर मातीतच गाडायची, काढावी लागत नाही, हे तिचं मोठं आकर्षण. पण लेबल नीट वाचा. युरोपच्या ईएन 17033 या मानकानुसार दोन वर्षांत किमान 90 टक्के जैवविघटन व्हायला हवं, तेही प्रयोगशाळेत, 20 ते 28 अंशांच्या स्थिर तापमानात. थंड किंवा कोरड्या जमिनीत जास्त वेळ लागतो, आणि दर हंगामाला नवी गाडत गेलात तर जुनी संपायच्या आत भर पडते. नुसतं 'कंपोस्टेबल' लिहिलेलं पुरेसं नाही. ती हमी बहुधा कारखान्यातल्या गरम कंपोस्टची असते. 'ऑक्सो' प्रकार, म्हणजे लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं साधं प्लास्टिक, तर विचारातही घेऊ नका. त्याचे फक्त तुकडे होतात. युरोपीय संघाने 2021 पासून त्यावर बंदी घातली आहे.

काडीकचऱ्यात प्लास्टिकचा प्रश्नच नाही. मात्र 5 ते 10 सेंटिमीटरचा थर लागतो, म्हणजे माल भरपूर हवा. थंडीत जमीन उशिरा तापते, चिवट तणं डोकं वर काढतात. अर्धवट कुजलेली काडी मातीत मिसळली तर जिवाणू पिकाच्या वाट्याचं नत्र ओढतात, म्हणून ती वरच राहू द्या. बहुवर्षायु पिकांना मी हेच सुचवेन. कमी मुदतीच्या भाजीपाल्याला, मजूर मिळत नसतील तर, प्रमाणित जिरणारी फिल्म.

एकाच वाफ्यात पॉलिथिन आणि जिरणारी फिल्म मात्र कधीच नको. मातीने माखल्यावर कोणता तुकडा उचलायचा आणि कोणता राहू द्यायचा, ते ओळखू येत नाही.