ग्रेट सर्कल मॅपर : अंतर चोख, वेळेचं गणित वेगळं

दोन विमानतळांमधलं हवाई अंतर काढायचं असेल तर ग्रेट सर्कल मॅपर ही साइट बिनधास्त वापरा. फुकट आहे, दिसायला साधी, जुन्या वळणाची. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे : आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाचा केएलएच, मुंबईचा बीओएम, लंडनच्या हीथ्रोचा एलएचआर. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि नकाशावरची रेषा लगेच समोर येते. एकक तेवढं किलोमीटर निवडून घ्या.

मी शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला की वर्गात गलका व्हायचा, कारण दोरा सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाजवळून जायचा! सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्या पोरांना ते पटतच नसे. ही साइट तोच दोरा, म्हणजे गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग (ग्रेट सर्कल), ताणून दाखवते. अंतर भरतं साधारण १३,५०० किमी. भूगोलाच्या प्रत्येक शिक्षकाने ती वर्गात उघडावी असं मला मनापासून वाटतं.

प्रवासाचा वेळ मात्र नुसत्या अंतरावरून काढू नका. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किमी. विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागलं की ८ तास येतात, आणि पुष्कळ ठिकाणी हाच भागाकार उत्तर म्हणून दिलेला असतो. मग पेठेतली मंडळी विचारतात, "बाई, मोबाईलवर तर आठच तास दाखवतंय की!" प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास धरावे लागतात. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास लवकर आटपतो. शिवाय विमान नेहमी सरळ रेषेत जाऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडू लागला. म्हणून वेळ विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच घ्या. त्यात दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात : लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार.

कोल्हापूरकरांसाठी खरी मेख मुंबईच्या अलीकडेच आहे. उजळाईवाडी ते मुंबई सरळ रेषेत ३१० किमीच्या आसपास, विमानाला तासभर. मुंबईहून सुटणाऱ्या उड्डाणाच्या वेळेला जोडून कोल्हापूरहून विमान नसेल तर रात्रीची बस, आणि तिला आठ-नऊ तास लागतात, म्हणजे जवळजवळ लंडनइतकेच! त्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं. पावसाळ्यात तर जास्तच सांभाळा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. जुलै-ऑगस्टचं तिकीट असेल तर एक दिवस आधीच मुंबई गाठा.