नोकरी गेल्यावर ईपीएफचं पोर्टल: सोयीचं, पण एका तारखेवर अडणारं
आयटीतून कपात झालेल्यांनी आधी ईपीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्टरी’त ‘डेट ऑफ एग्झिट’ म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख बघावी. ती कोरी असेल तर पूर्ण रक्कम निघत नाही. कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर २ महिन्यांनी ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एग्झिट’वरून आधार ओटीपीने स्वतः भरता येते. एचआरच्या मिनतवाऱ्या वाचतात, ही मोठी सोय. तारीख मात्र शेवटच्या वर्गणीच्याच महिन्यातली हवी आणि एकदा भरली की सहजासहजी बदलता येत नाही. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच भरा. डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता असताना २ महिने ताटकळणं फार जाचक आहे, ही अट जायलाच हवी. ५ वर्षांची सेवा झाली नसेल तर ५०,००० च्या पुढे रक्कम काढताना पॅन असूनही सहसा १० टक्के टीडीएस कापतात. नवी नोकरी दिसत असेल तर पैसे न काढता नव्या कंपनीच्या पीएफ खात्यात ट्रान्स्फरच बरं.