माझ्या वजनाची स्प्रिंग

गेले होते माझ्या क्वाडसाठी, म्हणजे चार चाकांच्या उघड्या एटीव्हीसाठी, नवे शॉक (हादरे पचवणारे शॉक अब्सॉर्बर) विकत घ्यायला, तर दुकानातल्या माणसाने ते विकायलाच नकार दिला. "आहेत ते चांगले आहेत. तुझ्यासाठी बनलेले नाहीत, एवढंच," म्हणाला. अमेरिकेत, यूटामधल्या सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, एका गल्लीत, घरालगतच्या शेडमध्ये त्याचं दुकान आहे. सत्तरी उलटलेला गोरा आजोबा, भिंतीवर टांगलेल्या स्प्रिंगा आणि कोपऱ्यात नायट्रोजनचं नळकांडं. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

गाडी आहे यामाहा रॅप्टर ७०० आर. ६८६ सीसी, एकच सिलिंडर, पाच गिअर आणि रिव्हर्स, वजन पेट्रोल-ऑइलसकट १९० किलोच्या आसपास. पुढची दोन चाकं एकमेकांपासून स्वतंत्र वरखाली होतात, ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली सरकायला मिळणारा पल्ला, २३१ मिलिमीटर. मागे मात्र सरळसोट एकच अ‍ॅक्सल, मध्ये एकच शॉक, ट्रॅव्हल २५६. नागावच्या किनाऱ्यावर फेरीच्या हिशेबाने मिळणारी एटीव्ही कृपया डोळ्यांसमोर आणू नका. तिथे अंगठ्याने थ्रॉटल दाबला की झालं. ही स्पोर्ट क्वाड आहे. क्लच हाताने, गिअर पायाने, आणि वळणावर अख्खं अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं. बनवणाऱ्यांनी ती वाळूच्या टेकड्या आणि उड्या डोळ्यांपुढे ठेवून बनवलीय. मला तिच्यावरून जंगलातल्या दगडगोट्यांच्या वाटा दिवसभर हिंडायच्या आहेत, आणि संध्याकाळी तंबूजवळ वाकून चूलही पेटवायची आहे. पाठ चाळिशीतली आहे.

गाडी जुनी घेतली. आधीचा मालक सहा फुटी, दर वसंतात यूटातल्याच लिटल सहाराच्या वाळूत उड्या मारणारा. त्याने तिन्ही शॉकच्या स्प्रिंगा पिळून घट्ट करून ठेवल्या होत्या आणि टायरमध्ये १० पीएसआय हवा. माझं वजन ५४ किलो. हेल्मेट, बूट, छातीचं कवच, पाठीवरची पाण्याची पिशवी धरून ६२. त्या अवस्थेत मी मेरीस्वेल या डोंगरातल्या गावाहून बुलियन कॅन्यनची चढण चढले, तेव्हा गाडी दगडांवरून जात नव्हती, दगडावरून दगडावर उडत होती. थोराड माणसाचे बूट घालून पळावं, तसं.

नवरा म्हणाला, "अगं, आराम हवा तर माझ्यासारखी युटिलिटी, कामाची एटीव्ही घे." त्याच्या गाडीला मागची चाकंही स्वतंत्र आहेत आणि ती खरोखर आरामाची आहे. पण ती जडही आहे, आणि माझ्या वजनाच्या माणसाने ती उतारावरच्या आडव्या वाटेवर सावरायची म्हणजे कठीण. शिवाय रॅप्टर चालवताना जो मजा येतो तो तिच्यात नाही. विषय संपला.

आता आजोबांच्या कामाबद्दल. पहिल्या भेटीत त्याने हत्यार उचललंच नाही, प्रश्न विचारले. सगळं अंगावर चढवून वजन किती? बसून चालवतेस की उभी राहून? उडी मारतेस का? शॉक कधी तळाला आपटतो का? ऑइल शेवटचं कधी बदललं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या मालकालाही ठाऊक नव्हतं. मग त्याने टायरला गेज लावला. साधा मोटारीचा नाही, शून्य ते पंधरा पीएसआयचा. मोटारीच्या गेजवर पाच आणि सात यांत फरकच दिसत नाही, आणि क्वाडच्या टायरमध्ये सगळा खेळ त्या दोन अंकांचा असतो. त्याने चारही टायर पाचवर आणले आणि म्हणाला, "हे फुकट. एक चक्कर मारून ये, मग पैशांचं बोलू." मागच्या खडीच्या रस्त्यावरून फिरून आले. हाताला येणारी झिणझिणी निम्मी झाली होती. हा टायर म्हणजे पहिली स्प्रिंग, आणि तिच्याकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात. फार खाली मात्र जाऊ नये. दगडावर टायर चेपून रिमची कड वाकते, आणि वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. गाडीवरच्या स्टिकरवर कंपनीने आकडा दिलेला असतो, तिथून सुरुवात करावी.

मग सॅग. सस्पेन्शनबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. गाडी जॅकवर उचलायची, चाकं लोंबकळू द्यायची, अ‍ॅक्सलपासून वरच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. गाडी खाली घ्यायची, दोनदा दाबून सोडायची, सगळा सरंजाम अंगावर घेऊन वर बसायचं आणि पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे सॅग. एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तिसरा हिस्सा मागे आणि पुढे त्याहून किंचित कमी, हा वाटांवरच्या आरामाचा ढोबळ हिशेब. चाक नुसतं वर जाऊन भागत नाही, खड्डा आला की त्याला खालीही जाता आलं पाहिजे, म्हणून हा तिसरा हिस्सा राखून ठेवायचा. माझ्या गाडीत मागे ८५ मिलिमीटरच्या जवळपास हवा होता, निघाला ४६. पुढे ७० हवा होता, निघाला ४०. म्हणजे खड्ड्यात उतरायला चाकाजवळ जागाच नव्हती, ते हवेत राहायचं आणि पलीकडच्या काठावर धाडकन आदळायचं.

आजोबांनी हुक पान्याने प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंगेला आधीपासून दाबून ठेवणाऱ्या, रिंगा सैल केल्या. इथे पुष्कळांचा घोळ होतो. रिंग सैल केली की स्प्रिंग मऊ होते असं समजतात. स्प्रिंग तीच राहते. ती दाबायला दर मिलिमीटरला जेवढं बळ लागतं, तेवढंच लागतं. रिंगेने फक्त गाडी किती उंचीवर बसायची ते ठरतं. मागची रिंग इतकी सैल केली की चाक लोंबताना स्प्रिंग जागेवर हलायला लागली, तरी सॅग ७२च्या पुढे जाईना. आणि मी उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने ४८ मिलिमीटर बसलेली. माझ्या बसण्याने भर पडली ती अवघी २४ मिलिमीटरची. आजोबांनी हे दोन आकडे खडूने फळ्यावर लिहिले आणि माझ्याकडे बघितलं. मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते, आकड्यांतून काय ते मला कळलं: स्प्रिंग माझ्यासाठी फार कडक आहे, आणि प्रीलोडने ते सुधारणार नाही.

त्याने सुचवलं ते असं. तिन्ही शॉक मूळचेच ठेवायचे. स्प्रिंगा माझ्या वजनाच्या घालायच्या. शॉक उघडून ऑइल आणि सील बदलायचे, आतल्या पातळ चकत्यांची चळत, म्हणजे शिम, वाटांसाठी नव्याने रचायची आणि नायट्रोजन भरायचा. सगळं मिळून नऊशे डॉलरच्या आसपास. नामांकित कंपन्यांचे नवे तीन शॉक घ्यायचे तर दोन हजारांच्या वर जातात, आणि ते घेतानाही तुमच्या वजनाच्या स्प्रिंगा मागवाव्या लागतातच. मी हो म्हटलं.

शिमचं काम काय ते आजोबांनी एका जुन्या पिस्टनवर दाखवलं. शॉकचा दांडा हळू आत जातो तेव्हा ऑइल एका वाटेने जातं, झटक्याने जातो तेव्हा दाब वाढून चकत्या वाकतात आणि दुसरी वाट मोकळी होते. म्हणून या शॉकवर कॉम्प्रेशनचे, म्हणजे शॉक दबताना किती अडवायचं ते ठरवणारे, दोन स्क्रू असतात, लो-स्पीड आणि हाय-स्पीड. हा वेग गाडीचा नव्हे, दांड्याचा. ताशी दहा किलोमीटरने जाताना टोकदार दगड आला तरी दांडा हाय-स्पीडमध्येच असतो. उलट ब्रेक दाबल्यावर गाडी नाक खुपसते, वळणावर कलते, ते लो-स्पीड. मला दगड टोचायला नको होते, पण उतारावर गाडीने डुबकीही मारायला नको होती. म्हणून हाय-स्पीड बराच मोकळा आणि लो-स्पीड मधोमध. सगळे स्क्रू एकजात उघडून टाकले की गाडी गादी होते असा समज आहे. गाडी तशी होते खरी, आणि पहिल्याच उतारावर तुम्हाला हँडलवरून पुढे ढकलते.

माझ्या मते खरा फरक रिबाउंडने पडला. दबलेली स्प्रिंग किती चटकन उलटून यायची, ते हा स्क्रू ठरवतो. जुन्या मांडणीत तो फार बंद होता. उंच उडी मारून उतरताना मागचा भाग वर फेकला जाऊ नये म्हणून वाळूवाले तो तसा ठेवतात. पण आडव्या वळ्या पडलेल्या कच्च्या रस्त्यावर उलटं होतं. पहिल्या वळीवर दबलेला शॉक परत येईपर्यंत दुसरी आलेली असते, मग तिसरी. दर वेळी तो थोडा आणखी खाली राहतो, आणि शेवटी शिल्लक ट्रॅव्हलच उरत नाही. बसणाऱ्याला वाटतं शॉक कडक आहे. तो मुळात अडकलेला असतो. मऊ स्प्रिंग परत ढकलतेही कमी जोराने, त्यामुळे रिबाउंड आणखी मोकळा लागतो. आजोबांनी ठेवला होता त्यावर मी वाटेत डिसमिसने आणखी तीन खटके उघडला, आणि किंबर्लीच्या ओसाड सोन्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मागचं चाक जमिनीला चिकटून चालायला लागलं. खटके मोजायची रीत एकच ठेवा: आधी स्क्रू हलकेच पूर्ण बंद करायचा आणि तिथून बाहेर मोजत यायचं. एका वेळी एकच स्क्रू, दोन-दोन खटके, आणि तोच रस्ता पुन्हा.

ही सगळी पारख केली पायूट ट्रेलवर. यूटाच्या मध्यभागी, फिशलेक राष्ट्रीय वनातून जाणारी ही गोल वाट आहे, मुख्य फेरा पावणेतीनशे मैलांचा, आणि वर ती दहा हजार फुटांच्याही पुढे चढते. मेरीस्वेलला सकाळी गारठा असतो, शॉकमधलं ऑइल दाट असतं, पहिली काही मैलं गाडी कडकच लागते. तेव्हा स्क्रूला हात लावू नये, ऑइल तापलं की पाहावं. काही जोडवाटांवर ५० इंचांहून रुंद गाड्यांना मनाई आहे. रॅप्टर मुळात ४६ इंचांच्या आतबाहेर. स्थैर्यासाठी पुढची चाकं धरणारे हात लांब करून घ्या, असं कोणी सुचवलं तर दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वाढवल्यावर उरतं किती, ते आधी मोजा. आजोबांनी हा सल्ला दिला नाही, हे मी त्याच्या बाजूने धरते.

सप्टेंबरच्या अखेरीस टशर डोंगरांत अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी होतात. त्या सुमारास सगळं जागेवर बसलेलं होतं. सॅग मागे ८४, पुढे ७०. प्रत्येक शॉकच्या दांड्यावर आजोबांनी एक रबरी रिंग चढवून दिलीय, शॉक जास्तीत जास्त कुठवर दबला ते ती दाखवते. आधी तीच रिंग निम्म्यावर थांबायची, आता दिवसाखेरीस तळापासून दोन बोटांवर असते. म्हणजे ट्रॅव्हलचे पैसे मोजले होते, तो आता वापरात येतोय.

सुधारलं नाही तेही सांगते. मागचा अ‍ॅक्सल एकसंध आहे, त्यामुळे एकच चाक दगडावर चढलं तरी अख्खी गाडी कलते आणि बसणाऱ्याच्या कंबरेला बाजूचा हिसका बसतो. यावर कुठलाच शॉक उपाय नाही, पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, उभं राहणं हाच आहे. मागच्या स्प्रॉकेटखालची, म्हणजे साखळीच्या दातेरी चक्रापासून जमिनीपर्यंतची, जागाही वाढली नाही. ती टायरच्या उंचीवर असते, शॉकवर नाही. २० इंचांच्या जागी २२ इंचांचे टायर घातले तर एक इंच मिळतो आणि बाजूची भिंतही उंच होते, पण गाडी एक दशांशाने जड गिअरमध्ये चालल्यागत होते आणि चढणीसाठी स्प्रॉकेट बदलावं लागतं. ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता तक्रारी. दोन आठवडे सांगून शॉक पाच आठवड्यांनी मिळाले, आणि मध्ये फोन कोणी उचलला नाही, दर वेळी शेडपर्यंत गाडी हाणत जावं लागलं. सेटिंगचा कागद दिला तो तेलकट पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने खरडलेला. घरी मोजलं तर पुढच्या डाव्या आणि उजव्या शॉकच्या रिबाउंडमध्ये दोन खटक्यांचा फरक निघाला. मी पाच मिनिटांत सारखा केला, पण ज्याला मोजायची सवय नाही तो हंगामभर एका अंगाला ओढणारी गाडी चालवेल. नायट्रोजनचे पैसे बिलात वेगळे लावले, ते आधी बोलले नव्हते. आणि जुन्या स्प्रिंगा मागितल्याशिवाय परत मिळाल्या नाहीत. त्या जरूर परत घ्या, पुढे गाडी विकताना घेणारा ऐंशी किलोंचा असू शकतो.

तुमचं वजन ७५-८० किलो असेल, तर या दुकानात जायची बहुधा गरजच नाही. गेज, टेप, हुक पाना आणि एक डिसमिस घेऊन घरीच बसा, बरंच काम होईल. त्याहून फार हलके किंवा फार भारी असाल तर जा. फक्त मार्च-एप्रिलमध्ये जाऊ नका, तेव्हा वाळूवाल्यांची रांग असते. नोव्हेंबरात बर्फ पडला की शॉक काढून नेऊन द्या, पैसे ठरवताना नायट्रोजन धरून आकडा लिहून घ्या, आणि कागदावर डावं-उजवं वेगळं लिहायला लावा.